पारावर जागा कोणाला?



जिल्हा बैठक म्हटली की आमचे विषय ठरलेले असतात. कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, विजेचे बिल, पीकविमा, बँकेची नोटीस. छातीवर बिल्ला लावून आम्ही येतो, दोन-चार तास बोलतो, घोषणा देतो आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून पळतो. हे विषय चुकीचे आहेत असे कोणी म्हणणार नाही. घामाला दाम हा आमचा एककलमी कार्यक्रम आहे आणि तो आम्ही सोडलेला नाही. पण घरी गेल्यावर ज्या गोष्टींनी आमची झोप उडते, त्यातली एकही गोष्ट या बैठकीत निघत नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या तालुक्यातल्या एका गावी गेल्या हंगामात एका कोरडवाहू शेतकऱ्याने जीव दिला. आम्ही गेलो. कापसाला भाव नाही म्हणून आणखी एक बळी, असे फलकावर लिहिले. तेरवीला ओसरीवर बसून गावाने त्याच्या कर्जाचा हिशेब मांडला. बियाणे किती, खत किती, फवारणी किती. त्याची बायको आत माजघरात होती. तिला कोणी काही विचारले नाही. आम्हीही नाही. दोन महिन्यांनी सरकारी मदतीच्या कागदांसाठी तहसीलात तिच्यासोबत बसलो, तेव्हा कळले की कर्जाचा मोठा वाटा पोरीच्या लग्नाचा होता. जावयाला मोटारसायकल, मानपान, गावजेवण. ते पैसे ना बँकेचे, ना सोसायटीचे, ना परवाना असलेल्या सावकाराचे. पाहुण्यांकडून आणि ओळखीच्या माणसाकडून उचललेले. एक लाखाच्या मदतीच्या निकषात असले कर्ज बसत नाही, हे वेगळे सांगायला नको.

भाव मिळाला असता तर तेही कर्ज फिटले असते, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. आमच्या फलकावरचे वाक्य खोटे नव्हते. पण त्या कर्जाची गोष्ट गावातल्या निदान पंचवीस माणसांना ठाऊक होती आणि त्यांतल्या एकाशीही तो मोकळेपणाने बोलू शकला नाही. त्याचे उत्तर आमच्या उत्पादन खर्चाच्या तक्त्यात नाही.

बोलायला जागा नव्हती काय? गावात पार आहे. पारावर बसायला जागा मात्र सगळ्यांना नाही. बाई तिथून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढून जाते. सालदार उभ्याने ऐकतो. बौद्धवाड्यातला माणूस कामापुरता येतो. तरणी पोरे पानटपरीवर. उरलो आम्ही पंधरा-वीस जण, सातबारावर नाव असलेले, आणि आमच्या बोलण्याला आम्ही गावाचे मत म्हणतो. राहिली ग्रामसभा. कायद्याने मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जो आकडा कमी असेल तेवढी हजर पाहिजेत. ती जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग घरकुलांची यादी, नालीचे काम आणि सह्यांचे रजिस्टर. हुंड्याचा, दारूचा, एकट्या पडलेल्या बाईचा विषय तिथे काढला तर सरपंच घड्याळ पाहतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचे नाव आपण ऐकले आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गाव. पेपरवाल्यांनी जंगल आणि बांबू पाहिला. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यामागची गोष्ट. मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातले देवाजी तोफा यांच्यासारख्या माणसांनी तिथे ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट उभा केला. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरचा जाणकार बोलवावा, प्रश्न विचारावेत, वाद घालावा. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वांच्या संमतीने, हात वर करून मोजणी नाही.

ही दोन भांडी वेगळी ठेवण्यात शहाणपण आहे. जिथे ठराव होणार असतो तिथे माणूस जपून बोलतो. आपला माणूस कोणत्या बाजूला आहे ते पाहून बोलतो. ठरावच होणार नाही म्हटले की, मला हे कळत नाही, असे म्हणायची लाज वाटत नाही. आमच्या बैठकांत ही एक गोष्ट कधीच कोणी म्हणत नाही.

हे काही आपल्या मातीला परके नाही. गाडगेबाबा कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त विचारत. समोर बसलेल्या कुणब्याला विचारत, माळ्याला विचारत, उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न. संघटनेच्या घरातही हे घडलेले आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन झाले, लाखांनी बाया आल्या. त्याआधी शिबिरांतून बायांना बोलते करण्याचे काम चालू होते. शेतीच्या भावाची लढाई लढणाऱ्या शरद जोशींना तिथे बायांच्या कामाचा, माराचा, मालकीचा प्रश्न ऐकून घ्यावा लागला, आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. ज्या गावात शंभर घरांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. जोशी २०१५ साली गेले. आपल्या गावात त्या शंभरांत कोणकोण होते आणि त्या सातबाऱ्यांचे पुढे काय झाले, हे आज किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? आम्ही आमच्या गावात विचारले. तिघांना सांगता आले.

तेव्हा आम्ही बसू लागलो. आता सहा महिने होत आले. सुरुवात फसली, ते आधी सांगतो. पहिली बैठक आम्ही मारुतीच्या पारावर, रात्री नऊला लावली. आले कोण? नेहमीचेच बारा जण. बायांना नऊला भांडी असतात आणि पारावर त्या कधी बसल्याच नाहीत. मग शाळेचा व्हरांडा धरला आणि वेळ बाजाराच्या दिवशी दुपारची. त्या दिवशी मजुरीला कोणी जात नाही. खाली सतरंजी, खुर्ची एकालाही नाही. खुर्ची आली की पुढारी येतो, हा आमचा अनुभव आहे.

दुसरी चूक अशी की आम्ही विषय आमच्या सोयीचा निवडला, दारू. सगळे दारूच्या विरुद्ध बोलले, पिणारेही बोलले, आणि सगळे समाधानाने घरी गेले. तिसऱ्या वेळी एका वेचणीवालीने विषय काढला. म्हणाली, तुमचा कापूस घरी येतो तेव्हा तुम्ही भावाची वाट पाहता, आमच्या वेचणीचे पैसे तुम्ही कापूस विकेपर्यंत का अडवता? किलोमागे वेचणी किती, हे तुम्ही पाराच्या ओट्यावर ठरवता, आम्ही कुठे ठरवायची?

त्या दिवशी व्हरांड्यात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यातला एक जण ताडकन उठून गेला. सरकार आमच्या भावाला मारते म्हणून आम्ही रस्ता अडवतो. तोच हिशेब कोणी आमच्याकडे बोट दाखवून मांडला तर तो ऐकण्याची सवय आम्हाला नाही. एककलमी कार्यक्रमाचा आम्ही घरात असाही उपयोग केला आहे. आधी भाव मिळू दे, मग बघू. बायकोला हेच, मजुराला हेच. उठून गेलेला माणूस पुढच्या बैठकीला परत आला. वेचणीचा प्रश्न अजून मिटलेला नाही, पण पैसे आठवड्याच्या आठवड्याला देणारे चार जण झाले आहेत.

लग्नाचे घ्या. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात बिनलग्नाच्या पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. आमच्या गावी तिशी उलटलेली शेतकऱ्यांची पोरे आहेत, त्यांना हसू येत नाही. पण पोरगी देत नाही तो कोण? आम्हीच. आमच्या लेकीला आम्ही नोकरीवाला पाहतो, शिपाई चालेल म्हणतो, आणि त्यासाठी हुंडा मोजून कर्ज काढतो. पोरींना विचारले तेव्हा एकीने साधे सांगितले, शेताची भीती नाही, पण कष्ट माझे आणि पैसा सासऱ्याच्या हातात, हे आईचे पाहिले आहे. या उत्तरात भाव आहे आणि लक्ष्मीमुक्तीही आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे परिपत्रक काढले. हेरवाडचे अभिनंदन. पण परिपत्रक पाहून आधी एक अक्षर न बोलता केलेला ठराव रजिस्टरातच राहतो. तेरवीला पुढे होणाऱ्या म्हाताऱ्या बाया रजिस्टर वाचत नाहीत. त्यांच्याशीच बसून बोलावे लागते, आणि त्यांना खलनायिका न ठरवता.

एक गोष्ट मात्र पक्की ठेवा. ही बैठक म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. कोणाला दंड नाही, कोणाचे नाव वाळीत नाही. जातपंचायतीच्या असल्या कारभाराविरुद्ध राज्याने २०१६ साली कायदा केला आहे, आणि आपल्या सतरंजीवर तेच मागच्या दाराने येऊ देऊ नका. व्हरांड्यात कोणी आपल्या घरचे सांगितले तर ते टपरीवर जाता कामा नये. आमच्याकडे एकदा गेले. त्या बाई अजून परत आलेल्या नाहीत. त्यांच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली, तेव्हा त्यांनी चहा दिला, पण येते असे काही म्हणाल्या नाहीत.

येत्या जिल्हा बैठकीत भावाचा विषय झाल्यावर एक तास यासाठी मागणार आहोत. ज्या गावांत असे काही चालू असेल त्यांनी कोण येते, कुठे बसता, काय फसले, तेवढे सांगावे. आणि येताना गावातली निदान एक बाई आणि एक शेतमजूर सोबत आणावा. त्यांच्या एस.टी.च्या तिकिटाचे पैसे वर्गणीतून द्यावेत, बुडालेल्या मजुरीसकट.