बंधनाचे स्तोम

हौशी रस्ता-शर्यतीत एकाच गिअरची, फ्रीव्हील नसलेली सायकल दामटणे म्हणजेच ‘शुद्ध’ सायकलिंग, असे मानणारा एक पंथ आहे. वृत्तांचे कडवे कैवारी कवितेबाबत हेच सांगतात: बंधन जितके आवळलेले, तितकी कला अस्सल. दोन्ही दावे पोकळ आहेत.

अशा सायकलीचे चाक फिरते तोवर पाय फिरवावेच लागतात. वेलोड्रोममध्ये हे शोभते. तेथे घाट नसतो. मुंबई-पुणे शर्यतीच्या बोरघाटात मात्र तोच गिअर चढाला छाती फोडतो आणि उताराला पायांना फरफटत नेतो. टूर द फ्रान्सने १९३७ साली गिअर बदलण्याच्या यंत्रणेला मुभा दिली. तेव्हापासून ती शर्यत बाटली काय?

शुद्धतेचा दाखलाच हवा, तर नेवाशाला जावे. पैस खांबाशी शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या ओवीला अक्षरसंख्येचे बंधन नाही. अर्थाचा चढ पाहून ती लांबते, आखडते. तीन चरण यमकाने बांधते आणि चौथा, आखूड चरण मोकळा सोडते. तेथे पाय विसावतात, चाक धावतच राहते.

सरावाला ती सायकल जरूर घ्यावी, वृत्तेही जरूर घोटावीत. पण तालमीतला दंडक शर्यतीचा निकष ठरवू नये. बंधनाची किंमत रस्ता ठरवतो, बंधन घालणारा नव्हे.