पाटा वाढवला म्हणजे ब्रेक वाढत नाही

सोयाबीनची सोंगणी आटोपते, हडंब्याचा आवाज थांबतो आणि यार्डातून चुकारा हाती येतो, की दरवर्षी आपल्याकडे एक हवा सुटते. गावात कोणीतरी जुनी पिकअप आणतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि आठ दिवसांत शेजारच्या दोघांना वाटू लागते की आपल्याही दारात अशी गाडी असावी. रिसोडपासून कारंजापर्यंत आणि मालेगावपासून मानोऱ्याच्या तांड्यांपर्यंत हेच चित्र आहे. बैलबंडी मागे पडली, ट्रॅक्टर-ट्रॉली लांबच्या बाजाराला परवडत नाही, तेव्हा पिकअप हवीशी वाटणे यात वावगे काही नाही. वावगे आहे ते ती घेण्याच्या आणि वापरण्याच्या पद्धतीत.

कृषी खात्याच्या माणसाने गाडीबद्दल का बोलावे, असे कोणी विचारील. पण कास्तकाराचा पैसा वावरात जितका बुडतो तितकाच वावराबाहेरही बुडतो. बियाणे, खत आणि फवारणी यांत काटकसर करून वाचवलेले वीस हजार गाडीच्या एका दुरुस्तीत जातात, हे आम्ही गावोगाव पाहतो. म्हणून हा विषय शेतीबाहेरचा नाही.

आधी स्वतःच्या मालाचा हिशेब

समजा तुमचे बारा एकर सोयाबीन आहे आणि एकरी सात क्विंटल उतारा आला. एकूण ८४ क्विंटल, म्हणजे साठ किलोचे १४० कट्टे. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्ये २५ कट्टे बसतात. म्हणजे तुमचा सगळा सोयाबीन यार्डात न्यायला खेपा लागतात सहा! तूर-हरभऱ्याच्या आणखी तीन-चार धरा. वर्षाच्या दहा खेपांसाठी गाडी पोसणे म्हणजे एका दिवसाच्या वखरणीसाठी बैलजोडी विकत घेण्यासारखे आहे. एवढ्या खेपा भाड्याच्या गाडीने कधीही स्वस्त पडतात.

ज्याच्याकडे बारमाही माल आहे त्याची गोष्ट वेगळी. रोजचा भाजीपाला, दूध, मंगरूळपीर-कारंजा भागातला संत्रा, हिंगोलीच्या बाजाराला जाणारी रिसोडची हळद, किंवा भाड्याची पक्की कामे असतील तर गाडी स्वतःचे पोट भरते. नाहीतर चार-पाच जणांनी, किंवा गावातल्या शेतकरी गटाने मिळून एक गाडी घ्यावी, आणि खेपेप्रमाणे हिशेब ठेवावा.

आणखी एक. पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नका. मुदतीत फेड केली तर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. गाडीच्या हप्त्यापायी ही सवलत घालवली, की पुढच्या खरिपात सावकाराचे दार ठरलेलेच.

बैलाचे दात पाहता, मग गाडीचे का नाही?

बैल घेताना आपण दात मोजतो, खांद्यावरचे वळ पाहतो, चालवून पाहतो, जुंपून पाहतो. आणि लाखो रुपयांची गाडी घेताना? रंग पाहतो, टेप वाजवून पाहतो आणि मीटरचा आकडा पाहतो. मीटर मागे फिरवता येते हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले, स्टेअरिंगची पकड झिजली, ड्रायव्हरची गादी बसली आणि मीटर मात्र साठ हजार दाखवते, तर खरे कोण बोलते ते तुम्हीच ठरवा.

जास्त पळालेली गाडी वाईटच असते असे नाही. दोन लाख किलोमीटर पळालेली, पण वेळेवर ऑइल बदललेली गाडी ही ऐंशी हजार पळालेल्या आणि कायम ओव्हरलोड ओढलेल्या गाडीपेक्षा बरी. म्हणून आकडा सोडा, गाडी तपासा.

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नको. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू होऊ द्या. धूर पहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरत असल्याचा संशय घ्या. ऑइल भरायचे झाकण चालू इंजिनवर उघडा. तिथून भसाभसा वाफारा आला तर रिंगा-बोअर गेले आहेत आणि इंजिनचे मोठे काम जवळ आले आहे. ऑइलच्या गजावर दुधाळ रंग दिसला तर ती गाडी तिथेच सोडा.

मग गाडीखाली पोते अंथरून आडवे व्हा. लाज वाटू देऊ नका. चेसिसला कुठे वेल्डिंगचा जोड आहे का, पाटे जिथे बसतात तिथे तडा आहे का, हे पहा. शेवटी रिकामी गाडी चालवून समाधान मानू नका. वीस कट्टे भरून चालवा. पातूरच्या घाटासारख्या चढ-उतारावर क्लच, गिअर आणि ब्रेक यांची खरी ओळख पटते.

नव्या गाड्यांबद्दल एक सावधगिरी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्याच गाड्या विकल्या जातात. त्यांत सेन्सर आणि सायलेन्सरमधला फिल्टर असतो. काही जण तो फिल्टर काढून गाडी ‘मोकळी’ करतात. अशी गाडी स्वस्तात मिळते, पण ती बेकायदेशीर आहे आणि बिघडली तर गावच्या मिस्त्रीच्या हाताबाहेरची आहे.

कागद आधी, पैसे नंतर

नोंदणी पुस्तकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पहा. फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीचा नाहरकत दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गाडीच्या नंबरवर ई-चलन थकले आहेत का, हे मोबाईलवर दोन मिनिटांत कळते. माल वाहनाचा फिटनेस दाखला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी काढावा लागतो. आठ वर्षांवरच्या माल वाहनाला पर्यावरण कर लागतो. हे खर्च किंमत ठरवतानाच वजा धरा.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो कोऱ्या टीटीओ फॉर्मवर. मूळ मालक कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो, दलाल दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर. कायदा सांगतो की विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यावे. विम्यावरचे नावही १४ दिवसांत बदलण्यासाठी अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघात झाला तर ज्याचे नाव नोंदणीवर आहे तोच मालक समजला जाईल. म्हणजे गाडी विकून तुम्ही मोकळे झालात असे नाही. भाऊ, घेताना जितकी घाई करता तितकीच विकताना नाव उतरवायची करा.

वाढवलेली गाडी म्हणजे वाढवलेला धोका

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात विकायला येणाऱ्या अनेक पिकअप मूळ रूपात नसतात. मागे दोन-दोन पाटे जास्तीचे टाकलेले, फाळके दोन फूट उंच केलेले, वर लोखंडी अँगलचा पिंजरा, मोठे टायर. विकणारा अभिमानाने सांगतो, “पंचेचाळीस कट्टे आरामात जातात.” आणि आपण त्याचेच जास्त पैसे देतो!

पाटा वाढवला म्हणजे ब्रेक वाढत नाही. एक्सल, चाकाची बेअरिंग, स्टेअरिंगचे सांधे आणि टायर हे सगळे मूळ वजनासाठीच बनवलेले असतात. जास्तीच्या पाट्याने गाडी फक्त वाकलेली दिसत नाही. बाकी सगळे आतून वाकतच असते. फाळके उंचावले की मालाचा भार वर जातो आणि खड्डा चुकवताना गाडी आडवी होते.

एक सोपी परीक्षा सांगतो. गाडी रिकामी करून काट्यावर घाला. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन, दोन्ही लिहिलेले असते. काट्यावर रिकामी गाडी पुस्तकापेक्षा दीडशे किलो जास्त भरली, तर तेवढे लोखंड नंतर चढवलेले आहे आणि तुमचे अडीच कट्टे आधीच कमी झाले आहेत. कट्टे वाढवायला केलेला खर्च कट्टे कमी करतो, हे काट्याच्या पावतीवरच दिसते.

कायद्याची बाजूही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ तो हाच. तेव्हा वाढवलेली गाडी घ्यायचीच असेल, तर ती मूळ मापात आणण्याचा खर्च किमतीतून कापून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात ते काम करून टाका.

माणसे माल नव्हेत

हे लिहिताना सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मजुरांची. सोंगणीला, कापूस वेचणीला बायाबापड्या पिकअपच्या मागे उभ्या भरून नेल्या जातात. रामनवमीला पोहरादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लग्नसराईत, तेच. गाडीवाला म्हणतो, विमा आहे. विमा आहे, पण कोणासाठी? मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस विम्यात येतो. नुसते प्रवासी म्हणून माल गाडीत बसवलेल्या लोकांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरवून दिले आहे. काही खटल्यांत न्यायालय कंपनीला आधी रक्कम भरायला लावते, पण ती मग गाडीमालकाकडून वसूल होते. ती वसुली कशातून होणार? सातबाऱ्यावरच्या जमिनीतून. इकडे मजुराच्या घरचा कर्ता हात जातो आणि तिकडे गाडीवाल्याचे वावर. दोन्ही घरे आपल्याच गावची.

चालकाच्या परवान्याबद्दल गैरसमज आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे माल वाहन चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायम केले आहे. म्हणजे पिकअपला वेगळ्या परवान्याची अट नाही. पण परवानाच नसलेल्या पोराच्या हाती किल्ली देण्याची सूटही कोणी दिलेली नाही.

गाडी जनावरासारखी पाळा

जुन्या गाडीची देखभाल अवघड नाही, ती नेमाने करावी लागते. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि सोयाबीनचे कुटार हे तिचे दोन शत्रू. हडंब्याजवळ गाडी चालू ठेवून उभी करू नका. कुटार रेडिएटरच्या जाळीत बसते आणि इंजिन तापते. हंगामात दर आठवड्याला एअर फिल्टर झाडा, हवा मारायची तर आतून बाहेर मारा. डिझेल फिल्टरमधले पाणी सोडा. गाडी जुनी असेल तर ऑइल कंपनीच्या मुदतीपेक्षा थोडे आधीच बदला. पाट्यांच्या पिना आणि शाफ्टचा क्रॉस यांना ग्रीस द्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषते आणि उतारावर दगा देते.

युरिया, डीएपी वाहिल्यावर हौदा धुऊन वाळवा, नाहीतर खताचा ओलावा पत्रा खातो. कीटकनाशक नेलेल्या हौद्यात न धुता ढेप किंवा धान्य भरू नका. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सांडलेले दाणे झाडून काढा. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदीर वायर कुरतडतो.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक दिसली तरी जुने रबर कडक होते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेल्यापासून हे जास्त महत्त्वाचे. गावरस्त्यावर चालून जाणारा जुना किंवा रबर चढवलेला टायर सिमेंटच्या गरम रस्त्यावर तासभर वेगाने पळवला की फुटण्याची भीती असते.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक खेपेचे भाडे, डिझेल, दुरुस्ती लिहा. भाड्यातला काही भाग टायर, विमा आणि फिटनेससाठी बाजूला काढा. वर्षअखेर वही सांगेल की गाडी तुम्हाला पोसते की तुम्ही गाडीला.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती आहे. सोंगणीआधीच्या ग्रामसभेत मजूर वाहतुकीचा विषय घ्या. गावातल्या गाडीवाल्यांना बोलावून विमा कोणाला लागू होतो ते वाचून दाखवा. मजुरांसाठी बसायची गाडी सामाईक भाड्याने ठरवता येते का, हे टोळीच्या मुकादमाशी बोला. ग्रामपंचायतीसाठी जुनी गाडी घेताना वरचीच तपासणी लावा; तिथे पैसा सगळ्या गावाचा असतो.

कास्तकार बंधूंनो, जुनी पिकअप जरूर घ्या. मात्र आधी खेपा मोजा, मग कागद पहा, मग गाडीखाली शिरा. आणि पुस्तकावर जेवढे वजन लिहिले आहे तेवढेच भरा. पंचवीस कट्ट्यांची गाडी पंचवीस कट्टे घेऊन सावकाश यार्डात पोचली तर माल विकला जातो, आणि संध्याकाळी माणूस घरी येतो.