जन्मवजन : एक अपुरा निकष

माता-बाल पोषणाच्या क्षेत्रात २,५०० ग्रॅम या आकड्याला जे वजन आले आहे, ते दुसऱ्या कोणत्याही मोजमापाला क्वचितच लाभले असेल. त्याहून हलके बाळ ‘अल्पवजनी’ ठरते, अहवालात त्याची वेगळी नोंद होते, आणि गरोदरपणातील पूरक आहार लागू पडला की नाही याचा निवाडाही बहुधा जन्मवजनात किती ग्रॅमची भर पडली यावरूनच होतो. नवजात बालकाच्या जिवाला असलेला धोका ओळखण्यासाठी हा आकडा उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु गर्भाचे पोषण कसे झाले हेही त्यानेच सांगावे अशी अपेक्षा केली की तो अपुरा पडतो, आणि याचा एक अतिशय भक्कम पुरावा महाराष्ट्रातच जमा झालेला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने, १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास हाती घेतला. विवाहित स्त्रियांची मोजमापे गर्भ राहण्यापूर्वीच घेऊन ठेवायची आणि पुढे गरोदरपण, प्रसूती व मुलाची वाढ यांचा वर्षानुवर्षे माग ठेवायचा, अशी त्याची आखणी होती. गरोदरपणापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते, आणि त्यांची बाळे साउदॅम्प्टनच्या बाळांहून सरासरीने सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी निघाली. एवढे अपेक्षितच होते. नवे होते ते कॅलिपरने घेतलेले माप: पोटाचा घेर आणि दंडघेर यांत ही बाळे फार मागे असूनही, पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरलेल्या त्वचेची जाडी, म्हणजे तेथील चरबीचा थर, त्या मानाने थोडाच कमी होता. तुटपुंज्या पोषणात गर्भाने स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ आवरती घेतली होती, चरबी मात्र राखली होती. पुढील आयुष्यात मधुमेहाकडे झुकणाऱ्या भारतीय देहयष्टीची सुरुवात गर्भातच होत असावी, हे अनुमान या निरीक्षणातून पुढे आले. वजनकाट्याला यातले काहीच दिसत नाही.

आहाराच्या नोंदींनीही रूढ समजाला धक्का दिला. मातेने घेतलेले एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या आकारमानाशी ठळक संबंध आढळला नाही. तो आढळला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी, आणि उलट दिशेने मातेच्या अंगमेहनतीच्या कामाशी. ‘दोन जिवांचे खा’ हा सल्ला देणारे पुष्कळ असतात, शेतातले काम कोण उरकणार हे विचारणारे थोडे. पुढे या मातांच्या रक्ततपासणीत जवळजवळ दोनतृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता दिसली, आणि ज्यांच्या रक्तात ब-१२ कमी पण फोलेट अधिक होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने कमी दाद देण्याची अवस्था, सर्वाधिक होती. हा संबंध निरीक्षणातून हाती आलेला आहे. त्यावरून फोलिक आम्लाची गोळी बंद करणे घातक ठरेल, कारण मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांपासून ती रक्षण करते. मात्र शासकीय लोहगोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते व ब-१२ नसते, ही बाब प्रामुख्याने शाकाहारी अशा समाजात वैद्यकांनी दृष्टीआड करण्यासारखी नाही. याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना २०१२ पासून, म्हणजे ती स्वतः आईबाप होण्यापूर्वीच, ब-१२ देण्याचा प्रयोग पुण्यात सुरू झाला, तो या जाणिवेतूनच.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. रमेश पोतदार व सहकाऱ्यांनी केलेली ‘सरस’ चाचणी तर जन्मवजनाच्या निकषाची परीक्षाच ठरली. सहा हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी करून, एका गटाला पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला, तर दुसऱ्याला कांदा-बटाट्यासारख्या कमी पोषकतेच्या भाज्यांचा अल्पोपाहार रोज देण्यात आला. दोन्ही गटांतील बाळांच्या एकूण सरासरी वजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने आहार सुरू झालेल्यांमध्ये ४८ ग्रॅमची वाढ दिसली, तीही अतिशय कृश मातांच्या वाट्याला आली नाही. परंतु गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटात १२.४ टक्के असताना पोषक अल्पोपाहार घेणाऱ्यांत ते ७.३ टक्के होते. केवळ ग्रॅम मोजणाऱ्याने ही चाचणी ‘निष्फळ’ या रकान्यात टाकली असती.

या निष्कर्षांचा रोख वेळेवरही आहे. गर्भ राहिल्याची खात्री होऊन नोंदणी होईपर्यंत अवयवांच्या जडणघडणीचा महत्त्वाचा काळ सरलेला असतो, आणि खुजी, कृश किशोरी विवाहानंतर काही महिन्यांच्या खुराकाने सुदृढ माता होत नाही. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांसाठी २०१५ साली आणलेली अमृत आहार योजना चौरस ताजे जेवण देते, ही तिची मोठीच जमेची बाजू. पण सुरू करताना तिने गरोदर स्त्रीसाठी शेवटची तिमाही निवडली, ती या पुराव्याशी जुळणारी नव्हती.

क्षेत्रात काम करणाऱ्या आहारतज्ज्ञांनी, बालरोगतज्ज्ञांनी आणि प्रसूतितज्ज्ञांनी निदान इतके करावे: नवविवाहितेची उंची व वजन गर्भ राहण्यापूर्वी नोंदवावे, गरोदर स्त्रीच्या कामाचे तास विचारावेत, शाकाहारी मातेच्या ब-१२ कडे लक्ष द्यावे, आणि कोणत्याही पोषण योजनेचे मूल्यमापन सोपवले गेल्यास मातेची रक्तशर्करा आणि बालकाची पुढील वाढ यांची मोजणी आखणीतच मागून घ्यावी.