हांकोचा विमानतळ आणि आपले कोटणीस

भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकाला आम्ही विद्यार्थ्यांसह भेट दिली, तेव्हा आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, त्यांच्याकडे येणारे लोक जखमी कशाने होत?" 'युद्धात' एवढे उत्तर पुरेसे नव्हते. म्हणून आम्ही तिला हांकोच्या विमानतळाची हकीकत सांगितली.

सप्टेंबर १९३८ च्या प्रारंभी मुंबईहून चीनला निघालेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर त्यांपैकीच. महिनाअखेरीस पथक हांकोला पोहोचले व जखमींच्या सेवेस लागले. ऑक्टोबरअखेर शहर जपानी सैन्याच्या हाती पडले. पथक त्यापूर्वीच पश्चिमेकडे निघाले होते. पुढे हांकोचा विमानतळ जपानी नौदलाच्या बाँबफेकी विमानांचा तळ बनला. ३ व ४ मे १९३९ रोजी चुंगकिंगवर आगीचा वर्षाव करणारी विमाने तेथूनच उडाली आणि हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. त्याच चुंगकिंगमध्ये आमचे कोटणीस अवघ्या काही महिन्यांपूर्वी मुक्कामास होते! सप्टेंबर १९४० मध्ये 'झीरो' हे नवे लढाऊ विमान प्रथम लढले, तेही हांकोहून उडून. पुढे पारडे फिरले. डिसेंबर १९४४ मध्ये अमेरिकन विमानांनी हांकोवर आगलावे बाँब टाकले. त्यात तेथील चिनी वस्तीही होरपळली.

मुलीचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: "पण सर, जपान तर बौद्ध देश ना?"

हा प्रश्न टाळता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जपानविषयी आपल्या समाजात आत्मीयता आहे आणि ती योग्यही आहे. परंतु तेथील अनेक बौद्ध संप्रदायांनी त्या युद्धाला पाठिंबा दिला, हेही सत्य आहे. सोतो झेन संप्रदायाने १९९२ मध्ये त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. बाबासाहेबांनी धम्माचे सार नीतीत पाहिले, कर्मकांडात नव्हे. त्या कसोटीतून स्वतःला वगळण्याची मुभा त्यांनी कोणालाही दिलेली नाही. इतरांनी इतिहास सोयीने लिहिला, अशी तक्रार आपण सतत करतो. मग आपल्या वर्गात अडचणीचे पान उलटून पुढे कसे जायचे?

९ डिसेंबर हा कोटणीसांचा स्मृतिदिन. त्या दिवशी हारफुलांबरोबर एक तास हांकोच्या विमानतळासाठी राखावा, असा आमचा प्रस्ताव आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे इतिहास शिकवतात, त्यांनी नकाशे घेऊन अवश्य यावे.