बहुरूप्याला दाखविलेली वेस

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याकडे फार उदारपणे वापरली जाते. एखाद्याने चित्रे काढली, मग मास्तरकी केली, मग नाटकासिनेमात गेला आणि अखेर लोकांना हसवू लागला, की घरातली वडीलधारी मंडळी ही म्हण पुढे करतातच. पण काही माणसांच्या चिंध्या नीट जुळवून पाहिल्या तर त्यांची सुरेख गोधडी निघते. धीरेंद्रनाथ गांगुली हा असाच एक माणूस. त्याचा आणि आपल्या हैदराबादचा संबंध इतका जवळचा आहे की, या शहरात त्याचे नाव फारसे कुणाच्या ओठी नसावे याचे आश्चर्य वाटते.

गांगुली जन्माने कलकत्त्याचे. जन्म १८९३ चा. शांतिनिकेतनात शिकलेले. चित्रकला हा त्यांचा मूळ व्यवसाय आणि त्याच नात्याने ते निजाम सरकारच्या कलाशाळेत मुख्याध्यापक म्हणून हैदराबादेत होते. पण या मुख्याध्यापकाला कुंचल्यापेक्षा आरसा अधिक प्रिय असावा. निरनिराळे वेष करून, चेहरा निरनिराळ्या तऱ्हांनी वाकवून त्यांनी स्वतःचीच छायाचित्रे काढविली आणि १९१५ मध्ये ‘भावेर अभिव्यक्ति’ या नावाने त्यांचे पुस्तक केले. म्हातारा तोच, तरुण तोच, पुरुष तोच आणि स्त्रीही तोच. आपल्या खेडोपाडी दारात येऊन कधी फौजदार तर कधी वैद्य होणारा बहुरूपी आपण पाहिलेला आहे. गांगुली हे कॅमेऱ्यापुढे उभे राहिलेले बहुरूपीच होते. त्यांच्या पुढच्या साऱ्या उलाढालींचे मूळ या एका गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

१९२१ मध्ये कलकत्त्यात त्यांचा ‘बिलात फेरत’ हा मूकपट झळकला. कथा त्यांची आणि नायकही तेच. विलायतेहून परतलेला एक बंगाली तरुण साहेबी चालीरीतींनी इतका भारावलेला असतो की घरच्यांना तो ओळखू येईनासा होतो आणि त्याला घरचे. हसू येते ते त्या तरुणाचे, तसेच त्याच्याभोवतीच्या सोवळ्या मंडळींचेही. आपला चित्रपट तेव्हा बहुतेक पुराणांतच रमलेला होता. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये हरिश्चंद्र पडद्यावर आणल्यापासून देवादिकांची रांग लागलेली होती. त्या रांगेत कालच्या-आजच्या माणसाला उभे करून त्याची टिंगल करणे, ही धिटाई लहान नव्हती.

इतके यश पदरी पडल्यावर कुणीही कलकत्त्यातच राहिला असता. गांगुली मात्र १९२२ मध्ये पुन्हा हैदराबादेत आले, आणि या खेपेला मास्तर म्हणून नव्हे. निजामाच्या आश्रयाने त्यांनी येथे ‘लोटस फिल्म कंपनी’ काढली. चित्रीकरणाची सोय होती, फीत धुण्याची होती आणि दाखवायला चित्रगृहेही होती. ‘हर-गौरी’, ‘इंद्रजित’ यांसारखे पौराणिक पट निघाले, तसे ‘लेडी टीचर’ आणि ‘मॅरेज टॉनिक’ही निघाले. या शेवटच्या दोन नावांवरूनच बहुरूप्याने आपली जात सोडली नव्हती हे कळते. दख्खनच्या या राजधानीत चित्रपटाचा धंदा असा रुजू लागला होता.

आणि १९२४ मध्ये तो उपटला गेला. निमित्त झाले ‘रझिया बेगम’ या चित्रपटाचे. तो गांगुलींनी काढलेला नव्हता. मुंबईहून आलेला होता. त्यांनी तो फक्त आपल्या चित्रगृहात लावला. दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या मुसलमान राणीचे मन हिंदू पुरुषावर जडते, अशी त्यातली कथा. ती दरबाराला रुचली नाही आणि गांगुलींना ताबडतोब राज्य सोडून जाण्याचा हुकूम झाला. उभा केलेला सारा संसार मागे टाकून ते कलकत्त्याला परतले.

कुणी म्हणेल, संस्थानचा कारभार होता, काळ नाजूक होता, दोन समाजांच्या भावनांचा प्रश्न होता. राज्यकर्त्याने सावध राहू नये काय? सावध जरूर राहावे. खेळ थांबविता आला असता, फीत परत पाठविता आली असती. परंतु एका खेळासाठी माणसालाच हद्दपार करणे ही सावधगिरी नव्हे. साध्या सभेलाही सरकारी परवानगी मागावी लागे, असे दिवस या शहरातल्या जुन्या मराठी कुटुंबांनी काढलेले आहेत. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा काढणाऱ्या पिढीला प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागले. तेव्हा त्या हुकुमाचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. दरबार विदूषकाला जागा देतो, पण ती त्याने कुणाला हसावे हे आधी ठरवून. कलकत्त्याच्या साहेबाळलेल्या बाबूला हसा, खुशाल हसा! राणीला मन असते एवढे दाखविले की मैफल मोडली.

यात नुकसान कुणाचे झाले? गांगुलींचे झाले, पण ते सावरले. १९२९ मध्ये त्यांनी कलकत्त्यात ‘ब्रिटिश डोमिनियन फिल्म्स’ ही कंपनी काढली. तिच्यात प्रमथेश बरुआ होते, देवकी बोस होते. पुढे ‘न्यू थिएटर्स’च्या वैभवात या दोघांचा वाटा केवढा होता, हे ‘देवदास’ आणि ‘चंडीदास’ आठवणाऱ्या रसिकांना सांगायला नको. बोलपट आल्यावर ती कंपनी टिकली नाही. गांगुली मात्र टिकले, आणि बोलपटातही विनोदच करीत राहिले. १९७४ मध्ये पद्मभूषण आणि पाठोपाठ दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९७८ मध्ये ते वारले. खरे नुकसान हैदराबादचे झाले. ‘लोटस’ बोलपटाच्या लाटेत तगली असतीच असे मी म्हणत नाही. पण अशा कंपनीतून कारागीर तयार होतात, नट तयार होतात, आणि कंपनी बुडाली तरी ती माणसे गावात उरतात. आज हैदराबाद हे तेलुगू चित्रपटांचे माहेरघर आहे, परंतु ते भाग्य उजाडायला पुढे कितीतरी दशके जावी लागली.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली आहे. हसविणाऱ्याला दुय्यम लेखण्याची खोड केवळ दरबारांना नसते, ती रसिकांनाही असते. मास्टर विनायक यांनी १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ दिग्दर्शित केला आणि त्यात नायकाचे कामही स्वतःच केले. मराठी माणूस पोट धरधरून हसला. पण थोर दिग्दर्शकांची नावे घेताना त्याला विनायकांचे नाव अंमळ उशिराच आठवते. अमरावतीत जन्मलेले भगवान पालव मारधाडीच्या स्वस्त पटांतून वर आले आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक व नायक झाले. सारा देश त्यांच्या तालावर डोलला. पुढे मात्र त्यांच्या वाट्याला किरकोळ भूमिका आणि दादरच्या चाळीतली खोली आली. २००२ मध्ये ते गेले. यांना कुणी राज्याबाहेर घालविले नव्हते. आपण फक्त हसलो आणि उठून घरी गेलो.

‘बिलात फेरत’ किंवा ‘लोटस’चे मूकपट आज पडद्यावर पाहायला मिळत नाहीत. मात्र त्या काळच्या चित्रगृहांत आपल्याही आजोबा-पणजोबांनी कधी पाऊल टाकले असेल. जुन्या वाड्यांतल्या पेट्या अजून पुरत्या रिकाम्या झालेल्या नाहीत. लग्नपत्रिका, हिशेबाच्या वह्या आणि पिवळी पडलेली वर्तमानपत्रे यांच्यात एखादे हस्तपत्रक, एखादे तिकीट, रोजनिशीतली एखादी ओळ सापडली, तर ती रद्दीत घालू नये. गावातल्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी. आणि शहरानेही, ‘लोटस’ कोठे उभी होती याचा एकदा नीट शोध घेऊन तेथे एक साधी पाटी लावावी. तिच्यावर गांगुलींचे नाव असावे, १९२२ हे साल असावे; आणि १९२४ हे सालही गाळू नये.