दगड ओळखायचा, पण हात न लावता

परग्रहावरचा दगड प्रत्यक्ष हातात घेऊन पाहण्याची संधी विज्ञानाला क्वचितच मिळते. चंद्रावरून नमुने आले, मंगळावर गाड्या उतरल्या; शुक्रावर उतरलेली सोव्हिएत याने मात्र तिथल्या उष्णतेत फार तर दोन तासांच्या आसपास टिकली. बाकी बहुतेक ओळख दुरूनच करून घ्यावी लागते, आणि त्यासाठीचे एक भरवशाचे साधन म्हणजे अवरक्त वर्णपटमापन. मात्र या साधनाचा अलीकडचा इतिहास एक गोष्ट बजावतो: यानावरचे उपकरण कितीही उत्तम असले, तरी त्याने टिपलेल्या नोंदींचा अर्थ जमिनीवरच्या प्रयोगशाळेतच लागतो. शुक्राकडे यान धाडण्याच्या तयारीत असलेल्या भारताने हे आताच ध्यानात घ्यायला हवे.

तत्त्व समजायला अवघड नाही. प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकते. खडकातील सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना बांधलेले असले, तरी ते सतत कंप पावत असतात. या कंपनांचा ठसा साधारण ८ ते १२ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात उमटतो. तेवढ्या भागात खडकाचे उत्सर्जन कमी पडते आणि आलेखात खळगा दिसतो. खडकात सिलिका भरपूर असेल, तर हा खळगा कमी तरंगलांबीकडे सरकतो. सिलिका कमी आणि लोह-मॅग्नेशियम जास्त असेल, तर तो जास्त तरंगलांबीकडे जातो. सुमारे ५० टक्के सिलिका असलेला काळा बेसॉल्ट आणि ७० टक्क्यांहून अधिक सिलिका असलेला रायोलाइट यांच्यातला फरक असा उंचावरूनही कळू शकतो.

हा फरक केवळ नावापुरता नाही. ग्रहाच्या पोटातील खडक थोडासा वितळून थेट वर आला, तर बेसॉल्ट तयार होतो. सिलिकाने समृद्ध खडक तयार होण्यासाठी शिलारसावर बऱ्याच प्रक्रिया व्हाव्या लागतात आणि पृथ्वीवर त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून खळगा किंचित इकडे की तिकडे, यावर त्या ग्रहाचा सगळा पूर्वेतिहास बदलू शकतो.

मंगळाच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९९७ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' यानावर औष्णिक अवरक्त वर्णपटमापक होता. त्याच्या नोंदींवरून २००० मध्ये संशोधकांनी मांडले, की दक्षिणेकडील जुने उंच प्रदेश बेसॉल्टचे आहेत, तर उत्तरेकडील सखल भागात सिलिका अधिक असलेला अँडेसाइटसारखा खडक आहे. पृथ्वीवर अँडेसाइट प्रामुख्याने भूपट्ट एकमेकांखाली सरकतात तिथे सापडतो. त्याचे नावच अँडीज पर्वतावरून पडले आहे. मग मंगळावरही तसे काही घडले होते का, हा प्रश्न उभा राहिला. दोनच वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तोच आलेख वेगळा वाचला. हा साधा बेसॉल्टच आहे, मात्र पाण्याच्या संपर्कात तो रासायनिकदृष्ट्या झिजला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सिलिकायुक्त ज्वालामुखीय काच आणि झिजेतून तयार होणारी काही खनिजे या पट्ट्यात जवळपास सारखीच दिसतात. आलेख एकच, पण एका वाचनात खोलवरचा शिलारस आणि दुसऱ्यात पृष्ठभागावरचे पाणी. याच उपकरणाने मेरिडियानी मैदानात हेमटाइट हे लोहखनिज हेरले होते आणि २००४ मध्ये तिथे उतरलेल्या 'ऑपॉर्च्युनिटी' गाडीला ते खरोखर सापडले. म्हणजे पद्धत खोटी नव्हती. तुलनेसाठी हाताशी असलेले नमुने अपुरे होते.

शुक्राचे उदाहरण त्याहून बोलके आहे. कार्बन डायऑक्साइडच्या दाट आवरणामुळे त्याचा पृष्ठभाग १ मायक्रोमीटरच्या आसपासच्या मोजक्या अरुंद पट्ट्यांतूनच न्याहाळता येतो. युरोपच्या 'व्हीनस एक्स्प्रेस' यानाच्या नोंदींवरून २०१० मध्ये दाखवले गेले, की काही ज्वालामुखींच्या उतारांवरील लाव्हा आसपासच्या खडकापेक्षा अधिक प्रखरतेने किरण सोडतो. याचा अर्थ तो अजून फारसा झिजलेला नाही. त्याचे वय २५ लाख वर्षांपेक्षा कमी, बहुधा अडीच लाख वर्षांच्या आत, असा अंदाज होता. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने लाव्हात आढळणारे ऑलिव्हिन हे खनिज भट्टीत तापवून पाहिले. ते इतक्या झपाट्याने बदलले, की न झिजलेला लाव्हा जेमतेम काही वर्षांपूर्वीचा असावा, असा निष्कर्ष निघाला. भट्टीत हवा पृथ्वीचीच होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरीही यानाच्या कोणत्याही नव्या नोंदींशिवाय, केवळ एका भट्टीमुळे शुक्रावरील ज्वालामुखी निद्रिस्त की जागते, या प्रश्नाचे पारडे झुकले.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपयांच्या भारतीय शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. मार्च २०२८ ही उड्डाणाची नियोजित वेळ आहे. पृष्ठभागाच्या अवरक्त उत्सर्जनाची नोंद घेणारे उपकरणही या मोहिमेत योजलेले आहे. या नोंदी ज्यांच्याशी ताडून पाहायच्या, ते तापवलेल्या दगडांचे वर्णपट कुठून येणार? जर्मन अवकाश संस्थेच्या बर्लिनमधील प्रयोगशाळेत खडक शुक्राइतके तापवून त्यांचे उत्सर्जन मोजले जाते. असे काम इथेही मोठ्या प्रमाणावर व्हायला हवे.

त्यासाठी दगड बाहेरून आणण्याची गरज नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेले दख्खनचे पठार हे पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या बेसॉल्ट प्रदेशांपैकी एक आहे. त्यात ताजा कातळ आहे, झिजून मऊ झालेला मुरूम आहे आणि मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर मढ, गोराई भागांत रायोलाइटही आहे. लोणारचे विवर तर अशनीच्या आघाताने थेट बेसॉल्टमध्येच खोदले गेले. आघाताच्या दाबाने त्यातील फेल्डस्पारची काच झाली आणि तिचा वर्णपट मूळ खडकाहून वेगळा दिसतो. मंगळावरच्या नोंदी नीट वाचता याव्यात म्हणून अमेरिकी संशोधकांनी लोणारच्या याच दगडांचे वर्णपट मोजून २०११ मध्ये प्रसिद्ध केले होते.

अवकाश मोहीम म्हटली की डोळ्यांसमोर उड्डाण येते आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. डोंगरावरून नमुने गोळा करणारे भूशास्त्रज्ञ, दगड दळून, तापवून, मोजून त्याची नोंद ठेवणाऱ्या प्रयोगशाळा आणि ती नोंद सर्व अभ्यासकांना खुली करणारी व्यवस्था यांच्या वाट्याला ना टाळ्या येतात ना पुरेसा निधी. विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांना या कामात आजच सामील करून घेतले, तर उड्डाणापूर्वी दख्खनच्या खडकांचा भरवशाचा वर्णपटसंग्रह उभा राहू शकेल. नाहीतर भारताचे यान शुक्राची नोंद टिपेल आणि ती वाचायला दुसऱ्यांचा कोश उसना घ्यावा लागेल.