रडणारी मुलगी नको, दलाल दाखवा

30 जुलै हा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2013 साली तो ठरवला. त्या दिवशी जी चित्रे आणि चित्रफिती फिरतात त्या डोळ्यांसमोर आणा. साखळदंडाने बांधलेले हात, अंधारी खोली, गुडघ्यांत डोके घालून बसलेली मुलगी आणि मागे सारंगीचे रडके सूर. पाहणारा हळहळतो आणि पुढच्या क्षणी विसरतो. खानापूरच्या एखाद्या वाडीवरच्या आईला यातून काय कळणार? तिच्या शेजारची मुलगी गेली तेव्हा साखळदंड कुठेच नव्हते. मुलगी नवा ड्रेस घालून, हातात पिशवी घेऊन, ओळखीच्या मावशीबरोबर दिवसाढवळ्या बसमध्ये बसून गेली. निरोप द्यायला अर्धी वाडी थांब्यावर आली होती.

दृकश्राव्य माध्यमांतून जागृती करायची म्हणजे काय करायचे, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. आपण नेहमी शेवट दाखवतो. दाखवायला हवी ती सुरुवात.

ती सुरुवात सीमाभागातल्या जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. येणारा माणूस परका नसतो. तो नात्यातला, गावातला, निदान गावात येऊन-जाऊन असलेला असतो. तो आई-बापांच्या हातावर उचल ठेवतो. मुंबईत घरकाम, गोव्यात हॉटेलात काम, नाहीतर हुंड्याशिवाय लग्न, असे काहीतरी सांगतो. पोचल्यावर फोन आणि कागदपत्रे काढून घेतली जातात आणि मग ती उचल 'फेडायची' असते. ती कधीच फिटत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 143व्या कलमात हे सारे येते. तिथे फक्त जबरदस्तीच नव्हे, तर फसवणूक, आमिष आणि अधिकाराचा गैरवापर हेही धरले आहे, आणि 'ती आपल्या मर्जीनेच आली होती' हा बचाव चालत नाही. शिक्षा किमान सात वर्षे, मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप. ही एवढी माहिती सांगणारी दोन मिनिटांची मराठी ध्वनिफीत बसस्थानकावर, आठवडी बाजारात, रेशन दुकानासमोर रोज वाजली तर? हळहळ वाटायला लावणाऱ्या दहा चित्रफितींपेक्षा ती जास्त कामाची.

एक खबरदारी मात्र हवी. कामासाठी गाव सोडणे म्हणजे तस्करी नव्हे. खानापूरच्या जंगल भागातून गोव्याला कामाला जाणे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे आणि त्यावर कितीतरी घरे उभी राहिली आहेत. आपण नुसती भीती पेरली तर लोक मुलींना कॉलेजातून काढून घरी बसवतील. जायला हरकत नाही, पण मालकाचे नाव, पत्ता आणि फोन घेतल्याशिवाय जाऊ नये, कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवाव्यात, मुलीला 1098 आणि 112 हे नंबर तोंडपाठ असावेत. सांगायचे ते असे.

आपल्या मातीतले उदाहरण घ्यायचे तर सौंदत्तीच्या यल्लम्माचे घ्यावे लागेल. कर्नाटकाने देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला तो 1982 साली. त्याआधीपासून निपाणीत प्रा. सुभाष जोशी आणि त्यांचे सहकारी, गडहिंग्लज भागात सत्यशोधकी विचारांची मंडळी या प्रश्नावर झगडत होती. त्याच मुलखाचे लेखक राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' लिहिल्या. त्यांच्या आधारे 2009 साली राजीव पाटील यांचा 'जोगवा' आला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, अजय-अतुल यांची गाणी घराघरांत पोचली. चित्रपटाने मोठे काम केले यात वाद नाही. पण सोडलेल्या मुलीला पुढे मुंबई-पुण्याच्या वस्तीत नेणारा जो धंदा डोंगराच्या आडोशाने वाढला, तो त्या चित्रपटाचा विषयच नव्हता. गाणी राहिली, धंद्याची गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती सांगण्याचे काम खऱ्या अर्थाने केले ते त्या प्रथेतूनच बाहेर पडलेल्या बायकांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी यांना 2018 साली पद्मश्री मिळाली ती या कामासाठी. आपल्या किती मंडळांनी त्यांना व्यासपीठावर बोलावले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

दुसरी भीती आहे ती माध्यमांचीच. 1981 साली इंडियन एक्स्प्रेसच्या अश्विनी सरीन या पत्रकाराने बायकांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी एक बाई विकत घेतली आणि ती बातमी देशभर गाजली. त्यावरून विजय तेंडुलकरांनी 'कमला' लिहिले. आपल्याकडच्या नाट्यरसिकांना ते सांगायला नको. नाटकातला पत्रकार जयसिंग अडीचशे रुपयांत विकत घेतलेल्या कमलाला पत्रकारांपुढे उभी करतो, टाळ्या मिळवतो, आणि त्या बाईचे पुढे काय होणार याची त्याला फिकीर नसते. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि प्रत्येकजण जयसिंग झाला आहे. पोलिसांनी छापा घातला, मुली सोडवल्या, की तासाभरात त्यांचे चेहरे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. 'जागृतीसाठी पुढे पाठवा' असे वर लिहिलेले असते! अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायद्याच्या 74व्या कलमाखाली गुन्हा आहे. पाठवणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि मुलीला मात्र गावी परतायची वाट बंद होते. दलालाचा चेहरा कधी त्या फोटोत दिसला आहे काय?

उलट दलालांनी ही माध्यमे आपल्यापेक्षा कितीतरी हुशारीने वापरली आहेत. परदेशातल्या चकचकीत ऑफिसची चित्रफीत, व्हिडिओ कॉलवर गोड बोलणारी 'मॅनेजर', पगाराचा आकडा. आणि सावज आता फक्त मुलीच नाहीत. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी म्हणून शिकलेल्या पोरांना म्यानमारच्या सीमेवरच्या केंद्रांत कोंडले गेले आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. मार्च 2025 मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 जणांना परत आणले. ही इंग्रजी जाणणारी, पदवी घेतलेली मुले होती. 'आमच्या घरात असे होत नाही' म्हणणाऱ्या जुन्या घराण्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

जुन्या घरांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. वाड्यात धुणीभांडी करायला राहिलेली ती लांबच्या मुलखातली पोरगी, तिला कोणी आणले? पगार तिच्या हातात पडतो की आणणाऱ्याच्या? वर्षात एकदा तरी ती घरी जाऊन येते काय? तस्करीवरची कुठलीही चित्रफीत पाहून डोळे पुसण्याआधी हे प्रश्न स्वयंपाकघरात विचारून घ्यावेत.

आता भाषेचा मुद्दा. बेळगाव, खानापूर भागात या विषयाचे जे सरकारी फलक आणि जाहिराती दिसतात त्या बहुतेक कन्नडमध्ये. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या 15 टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने मान्य केलेले संरक्षण आहे. आपण सातबारा आणि फलकांसाठी त्यावर बोट ठेवतो, मोर्चे काढतो. मुलीचा जीव वाचवणारी सूचना मराठीत द्या, ही मागणी आपल्या निवेदनात पहिल्या पानावर का नसावी? ही मागणी नाकारताना कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याला दोनदा विचार करावा लागेल.

पण सरकारची वाट पाहायचे कारण नाही. आपल्याकडे महाराष्ट्रालाही हेवा वाटावा असे एक माध्यम आहे, ते म्हणजे वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. गल्लोगल्लीची मंडळे सजीव देखावे उभे करतात, आधी ध्वनिमुद्रित केलेले संवाद कर्ण्यांवरून वाजतात, पोरे-पोरी महिनाभर तालमी करतात आणि रात्रभर रस्त्याच्या दुतर्फा माणसांच्या भिंती उभ्या असतात. अफझलखान वध, आग्र्याहून सुटका, पावनखिंड हे प्रसंग व्हावेतच. पण 1677 सालचा दक्षिण दिग्विजय कोणी दाखवत नाही. जिंजीच्या मुलखात महाराजांनी डच व्यापाऱ्यांना कौल दिला, त्यात व्यापाराला मोकळीक दिली, पण आधीच्या राजवटीत चालत आलेली माणसांची खरेदी मात्र बंद केली. आपली सत्ता आहे तोवर इथल्या बायका-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेता किंवा बाहेर नेता येणार नाही, अशी ताकीदच दिली. किनाऱ्यावर उभे जहाज, दोरीने बांधलेली माणसे, टोपीवाला व्यापारी आणि राजांची ताकीद, याहून नाट्यमय देखावा कोणता? आणि त्याच ट्रॅक्टरच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर आजची बस, ओळखीची मावशी, उचलीची नोट मोजणारा हात. संवाद तीन मिनिटांचा पुरे. शेवटी 1098 हा आकडा दिव्यांनी लखलखू द्यावा.

त्या देखाव्याचे निवेदन मराठीत असेलच. मधे चार वाक्ये कन्नडमध्येही घालावीत असे माझे मत आहे. काहींच्या भुवया उंचावतील, पण मिरवणूक पाहायला बैलहोंगल-सौंदत्तीकडचीही माणसे येतात, आणि दलाल पोरगी उचलताना तिची मातृभाषा विचारत नाही. संहिता लिहायला नाटकवाल्यांनी पुढे यावे. वैशाखाच्या आधी तालमींना दोन महिने तरी लागतील.